गरमकाकांचा शेक

गल्लीच्या तोंडाशी माझ्या काकांचं इस्त्रीचं दुकान आहे, मागच्या खोलीत ते आणि काकू राहतात. गल्ली त्यांना गरमकाका म्हणते. मान धरली, गुडघा धरला, दाढ ठणकली, काकांचा उपाय एकच. फ्लॅनेलची घडी इस्त्रीखाली तापवायची आणि दुखेल तिथे दाबायची. वर छाती फुगवून, ‘‘डॉक्टर नुसती नाडी धरतो. शेक दुखणं धरतो, दुखणं!’’

गेल्या वर्षी काकूच्या बेंबीभोवती दुखायला लागलं. तिने चहा नको म्हटलं, तिथेच खरं तर सगळ्यांनी घाबरायला हवं होतं. मग उलटी झाली, अंगात कणकण आली. संध्याकाळी दुखणं बेंबी सोडून उजवीकडे खाली उतरलं आणि तिथेच ठाण मांडून बसलं.

‘‘अहो, खोकलं तरी जीव जातो. दवाखान्यात नेता का?’’

‘‘गॅस आहे गॅस! आडवी हो.’’ आणि फ्लॅनेल.

शेजारची शिंपीण दारातूनच ओरडली, ‘‘भाऊजी, शेकू नका! माझ्या लेकाचं अस्संच होतं, अपेंडिक्स निघालं. वहिनी, दाबून हात सोडला की जास्त कळ येते ना?’’

काकूने ‘हो’ म्हणून मान हलवली.

‘‘तुम्ही काजं करा,’’ काका म्हणाले, ‘‘पोटाचं मी बघतो.’’

सकाळी दुखणं थांबलं. एकदम. काका दुकानाच्या पायरीवर उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते, ‘‘बघा! निघाले होते दवाखान्यात न्यायला!’’ आत काकू भिंतीकडे तोंड करून पडली होती. पोट इस्त्रीच्या फळीसारखं कडक. दुपारी ती तापात बरळायला लागली, तेव्हा शिंपिणीने काकांना न विचारता रिक्षा आणली.

‘‘थांबलं म्हणजे फुटलं,’’ डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ‘‘पू पोटभर पसरलाय. काल का नाही आणलंत?’’

काकांनी हातातलं फ्लॅनेल खिशात कोंबलं.

काकू वाचली, पण कशीबशी. पोटावर उभा व्रण घेऊन आली, आता भरलेली बादली उचलत नाही. काकांचा आवाज मात्र पंधरवड्यात परत आला. ‘‘शेकाने धरून ठेवली, म्हणून दवाखान्यापर्यंत पोचली!’’ गिऱ्हाइकं माना डोलावतात. कडक कॉलर हवी असते ना.

परवा काकांचीच पाठ धरली. शर्ट काढून पालथे पडले. ‘‘अगं, जरा शेक दे गं.’’

काकू जागची हलली नाही.

‘‘थांबेल आपोआप,’’ ती म्हणाली. ‘‘माझं थांबलं होतं.’’