हाकेनंतरचा ठोका

रोह्याच्या घरी लोणच्यासाठी खडेमिठाची पिशवी फोडली, की खाडीच्या चिखलाचा वास येतो आणि मी पुन्हा पेणच्या मिठागरात उभी असते. नव्वदच्या दशकातला मे महिना. मुकादम हाक द्यायचा आणि त्या हाकेवर आम्ही साऱ्या बायांनी लाकडी फळीनं मीठ ओढायचं.

बोटीवर कामाला असलेल्या मामानं जमैका बेटावरून एक कॅसेट आणली होती. म्हणाला, "याला रेगे म्हणतात. उसाच्या मळ्यात राबवलेल्या गुलामांच्या पुढच्या पिढ्यांचं गाणं हाय. ठोका जिथं यायला हवा तिथं हे थांबतात, मग मारतात. जुने गायक ऐक गो, नवे फार गोड करतात."

माझ्यासोबत मीठ ओढणाऱ्या आत्यानं ती कॅसेट नेली आणि बांधावर टेप लावला. मुकादम खेकसला, "बंद कर गो ते! कामाचा ताल बिघडतोय."

आत्या म्हणाली, "ताल नाय बिघडत. तुमचा हुकूम बिघडतोय."

पुढच्या हाकेला एकही फळी हलली नाही. हाक विरली, टेपवरची गिटार वाजली आणि साऱ्या फळ्या एकदम ओढल्या गेल्या. मीठ रोजच्याएवढंच निघालं. मुकादमानं मात्र त्या दिवशी पुन्हा हाक दिली नाही.

तेव्हा मला नुसती गंमत वाटली होती. आता वाटतं, त्या बेटावरही हे गाणं असंच जन्मलं असणार, कुणाच्या तरी हाकेला न हलता.