कुठला तानाका, कुठला हसन

मी घर सोडलं तेव्हा माझं नाव तीन शब्दांचं होतं. हसन इब्राहिम परकार. दाभोळच्या धक्क्यावर बाबांनी ते तिकिटाच्या खिडकीत तोंड घालून मोठ्यानं सांगितलं. तेवढ्यावर ते थांबले नाहीत. गाव सांगितलं, मोहल्ला सांगितला, माझे आजोबा कुठल्या जहाजावर तांडेल होते तेही सांगितलं. खिडकीतला माणूस वैतागला आणि मागची रांग हसायला लागली. मी विशीतला, इंग्रजी टायपिंगची परीक्षा पास झालेला, लाजेनं मान खाली घालून उभा. आई पदर पुढं ओढून जरा लांब उभी होती. तिनं एवढंच सांगितलं, "जाशील तिथं नीट सांग, कुणाचा हाईस ते."

सांगितलं की. मुंबईहून सुटलेलं जहाज आखातात दोह्यापासून लांबच समुद्रात उभं राहिलं, आम्हाला बोकडांसारखं उचलून होडीत उतरवलं, आणि किनाऱ्यावरच्या तंबूत एका गोऱ्या साहेबासमोर उभं केलं. मी तीनही शब्द सांगितले. त्यानं दोन लिहिले. मी म्हणालो, साहेब, परकार राहिलं. त्यानं मान वर न करता सांगितलं, "तुम्हा लोकांना आडनाव नसतं. बाप असतो." पुढचा माणूस बोलावला गेला. खलास. माझ्या घराण्याचा निकाल पेन झटकण्याइतक्या वेळात लागला. तेव्हा मला राग आला नव्हता याचाच आज राग येतो.

माझी नेमणूक उम्म सईदला झाली. तेलाची जहाजं भरायचं बंदर. तिथल्या मरीन ऑफिसात मी टायपिस्ट. आता आमच्याकडं हसन आणि इब्राहिम ही नावं काय दुर्मिळ आहेत का? बंदरात हसन इब्राहिम तिघे निघाले. एक बलुची, पंपावर तेलपाणी बघणारा. दुसरा हसन इब्राहिम, आडनावानं मुकादम, जहाजांचे दोर बांधणाऱ्या लाँचवरचा खलाशी. तो आमच्याच रत्नागिरी जिल्ह्यातला, खाडीपलीकडच्या गावचा. तिसरा मी. ऑफिसच्या साहेबानं यावर फार डोकं चालवलं नाही. हसन वन, हसन टू, हसन थ्री. जनावरांना डाग देतात तेही जरा बघून देतात.

मुकादम हसायचा. म्हणायचा, "तुजा नंबर तिसरा, म्हंजे तू माजा धाकटा भाव." शुक्रवारच्या सुट्टीत आम्ही ट्रकमागं बसून अल वक्र्याला जायचो. तिथं कोकणातल्या चार-पाच जणांची एक खोली होती. हुसेनभाई नावाचा आमचा सुतार होता, तो कुठूनतरी कोकमं मिळवायचा आणि मुकादम मासळीचं सार करायचा. तेवढा एक दिवस आम्ही आपल्या नावानं जगायचो. त्या खोलीत मुकादम म्हणून हाक मारली की तो मुकादमच वळून बघायचा.

आता तानाकाचं सांगतो, कारण त्याच्याशिवाय माझा राग कुणाला कळायचा नाही.

साठच्या दशकात जपानी टँकर यायला लागले. त्यांतल्या एकावर तीन तानाका होते. कॅप्टन तानाका, दुसरा इंजिनिअर तानाका आणि आचारी तानाका. नात्यातलं कुणी नाही, आडनाव तेवढं एक. जहाज बंदरात असताना निरोप आला की तानाकाच्या पोटात भयंकर दुखतंय, त्याला दोह्याच्या हॉस्पिटलात हलवायला हवं. साहेबानं वायरलेस उचलला आणि पहिला प्रश्न विचारला, "कुठला तानाका?" आचारी म्हटल्यावर त्याचं पूर्ण नाव मागवलं, जन्माचं साल मागवलं, गाव मागवलं, बायकोचं नाव मागवलं. जपानला पाठवायची तार मी टाइप केली, तर त्यानं ती दोनदा फाडली. एका अक्षराची चूक होती. मला म्हणाला, "अरे, भलत्याच तानाकाच्या बायकोला ही तार गेली तर तिचं काय होईल, विचार कर." हे वाक्य मी विसरू म्हटलं तरी विसरणार नाही. कुणाच्या बायकोचं काय होतं हे त्याला कळत होतं. पक्कं कळत होतं.

मला चार शब्द इंग्रजी जास्त येतं म्हणून हॉस्पिटलात तानाकाजवळ बसायला पाठवलं. ऑपरेशननंतर तो दोन दिवसांत बसून बोलायला लागला. गोल चेहऱ्याचा, सदा हसरा माणूस. मी विचारलं, एकाच जहाजावर तीन तानाका कसे? तर तो पोट धरून हसला आणि टाके दुखले म्हणून परत आडवा झाला. त्याच्या मोडक्या इंग्रजीत म्हणाला, जपानात दगड फेकलास तर तानाकालाच लागेल. मग बोटांवर मोजत सुरुवात केली. एक तानाका मंत्री आहे. एक सिनेमातली बाई आहे, तिचे सिनेमे बघायला त्याचे वडील तालुक्याच्या गावापर्यंत चालत जायचे. एक तानाका कुस्तीवाला आहे. एक प्रोफेसर आहे, कशाचा ते ठाऊक नाही. आणि एक तानाका, छातीवर हात ठेवून, जहाजावर भात शिजवतो. मंत्र्याचं नाव घेताना आणि स्वतःचं नाव घेताना त्याचा आवाज सारखाच होता.

त्यानं बोटानं चादरीवर एक चौकोन काढला, त्यात उभी आडवी रेघ मारली. हे भाताचं शेत, म्हणाला. तानाका म्हणजे भातशेताच्या मधोमध राहणारा. चार बांध घातलेली खाचरंच ती. मी ती जन्मापासून बघितलेली. मला इतकं बरं वाटलं की मीही सुरू झालो. परकार आमच्याकडं पुष्कळ. एक परकार मुंबईत मोठा सर्जन आहे, एक रत्नागिरीत वकील, एक रंगूनच्या जहाजावर खलाशांवरचा बोसन होता, त्याला तिथले दुकानदार उठून सलाम करायचे. तानाका मान डोलवत ऐकत होता. मग विचारलं, "आणि तू कुठला परकार?" परदेशात आल्यापासून हा प्रश्न मला पहिल्यांदा कुणीतरी विचारला होता. तानाकावर माझा राग नाही. त्याला मिळालं ते प्रत्येकाला मिळायला हवं होतं, एवढंच.

त्याच हंगामात एका सकाळी टँकर बांधताना जाड दोर तुटला. लाँचवर मुकादम उभा होता. दोराचा फटका छातीत बसला आणि तो जागच्या जागी गेला. आम्ही त्याला अल वक्र्याच्या कब्रस्तानात पुरलं. इकडच्या रिवाजाप्रमाणे कबरीवर नाव नाही, डोक्याशी आणि पायाशी एकेक दगड. परत आल्यावर मी साहेबाला विचारलं, घरी कळवलं का? तो म्हणाला, पर्सनेलनं तार केली. पर्सनेलचं, म्हणजे आम्हा कामगारांची कार्डं ठेवणारं ऑफिस दोह्यात. तार गेली हे खरंच होतं.

ती माझ्या घरी गेली होती.

पर्सनेलमधल्या बाबूनं कपाट उघडलं, त्यात हसन इब्राहिम, जिल्हा रत्नागिरी, हिंदुस्तान अशी दोन कार्डं होती. जे हाताला लागलं ते त्यानं घेतलं. कुठला हसन, हे विचारायला त्याला उठून एक फोन करायचा होता. यल्ला, चला, म्हणून त्यानं काम उरकलं.

पुढचं मला आईनं आणि हुसेनभाईनं सांगितलं. मोहल्ल्यात माझी गैरहजेरीतली जनाजाची नमाज झाली. मशिदीत माझ्या नावानं कुराण वाचलं गेलं. बाबा अंथरुणाला खिळले. माझी बायको फातिमा, लग्नानंतर मी तेव्हा एकदाच रजेवर गेलो होतो, तिच्या बांगड्या उतरवल्या, गळ्यातली पोत काढली आणि तिला इद्दतीत बसवलं. विधवेनं घराबाहेर न पडता, परक्या पुरुषाला तोंड न दाखवता काढायचे ते दिवस. माझी ती जिवंत नवऱ्याची बायको, आतल्या खोलीत भिंतीला पाठ लावून बसली होती, आणि मी त्याच वेळी उम्म सईदला पंख्याखाली बसून जहाजांची नावं टाइप करत होतो.

आणि मयताच्या घरी चूल पेटत नाही म्हणून खाडीपलीकडून कोण आलं, तर मुकादमाची आई, जैनबखाला. विधवा बाई, एकुलता एक मुलगा. दोघींचे मुलगे एकाच बंदरात, एवढीच तिची आमच्या घराशी ओळख. रोज तरीतून खाडी ओलांडून यायची, पेज करायची, माझ्या आईला मांडीवर घेऊन भरवायची. म्हणायची, "गिळ बाय. पोर गेला, त्याच्यापायी तू जीव देऊन काय होनार?"

इकडून रजेवर जाणारा माणूस प्रत्येक घरी सलाम पोचवतो, ही आमची पद्धत तुम्हाला ठाऊक आहे. हुसेनभाई काही आठवड्यांनी रजेवर गेला, तोवर माझं पत्रही घरी पोचलं नव्हतं. आधी आमच्याकडं, मग मुकादमाच्या घरी समाचाराला, असं त्यानं ठरवलं होतं. दारात उभा राहून त्यानं नेहमीसारखं म्हटलं, "सलाम आलेकुम. हसननं सगल्यांना सलाम सांगितलाय. खुशाल हाय."

बाबा अंथरुणातून म्हणाले, "कुठला हसन?"

"तुमचा. परकार."

जैनबखाला हातात पेजेचं भांडं घेऊन उभी होती. तिला सगळ्यांच्या आधी कळलं. तिनं भांडं खाली ठेवलं आणि विचारलं, "माज्या हसनचा सलाम नाय आनलास?"

हुसेनभाई सुतार माणूस, हाताचा भक्कम. तो उंबऱ्यावरच बसला. माझ्या आईला मुलगा परत मिळाला त्याच क्षणी तिला हसण्याची चोरी झाली. ती आयुष्यात त्या दिवसाबद्दल कधी आनंदानं बोलली नाही.

बाबांचं पत्र आलं तेव्हा मी साहेबाच्या केबिनमध्ये दार न वाजवता गेलो. तो पत्र ऐकून म्हणाला, "फार वाईट झालं. कारकुनी चूक. पण तू जिवंत आहेस, तुला आनंद व्हायला हवा." मी म्हणालो, तानाकाच्या वेळी तुम्ही तार दोनदा फाडलीत. तो म्हणाला, "ती जहाजाची बाब होती." मग त्याला वाटलं, यानं काही तरी करून मागितलंय, तर करावं. आठवड्याभरात पर्सनेलनं सगळ्या कार्डांवर नंबर टाकले, लाल शाईनं, मोठे. आडनाव नाही. मेलेल्या माणसावर त्यांनी काढलेला उपाय म्हणजे नंबर मोठा केला. मला आजही तो लाल रंग दिसला की हात शिवशिवतात.

तुम्ही गावी राहिलात, तुम्हाला वाटतं आम्ही इकडं अत्तरात न्हातो. आणि तुम्ही जे माझ्यासारखे आलात, तुम्ही तर कमालच करता. नवीन आलेली आपली पोरं स्वतःच सांगतात, मी हसन फोर, मी अली टू. लाज नाही, रागही नाही. इन्शाल्ला सगळं ठीक होईल म्हणतात. कसं होईल? तुम्ही तोंड उघडल्याशिवाय कोण विचारणार आहे तुम्हाला? मी तेव्हापासून प्रत्येक कागदावर तीन शब्द सही करतो. कागद परत येतो. मी पुन्हा तीनच शब्द घालतो. साहेब बदलले, तरी मी बदललो नाही. मला भांडकुदळ म्हणतात, म्हणोत बापडे.

पुढच्या रजेत आईनं मला धक्क्यावरून घरी नेलंच नाही. सरळ तरीत बसवलं आणि जैनबखालाच्या दारात उभं केलं. खाला बाहेर आली. ना शिव्या दिल्या, ना रडली. "ये, जेव," म्हणाली. तिनं वाढलेला घास मला गिळवेना. तिनं बसून तो गिळायला लावला, जसा माझ्या आईला लावला होता.

मग घरी आलो. फातिमा दाराशी आली. हात मोकळे होते. आईनं नव्या बांगड्या आणून ठेवल्या होत्या, तिनं भरल्या नव्हत्या. मला वाटलं, ती धावत येईल, निदान रडेल. ती म्हणाली, "तुमच्यासाठी रडून झालंय माजं. आता परत नाय रडायची." तिचा राग माझ्यापेक्षा मोठा होता आणि तो काढायला तिच्यापाशी ऑफिसही नव्हतं, साहेबही नव्हता. मीच होतो.

रजा संपत आली तेव्हा ट्रंक भरताना तिनं विचारलं, "तिकडं तुमाला काय म्हनतात?"

खोटं बोलावंसं वाटलं. पण ज्या बाईला माझ्या मरणाचं खोटं एकदा खरं म्हणून भोगायला लागलं, तिच्याशी आणखी काय खोटं बोलायचं? सांगितलं. हसन थ्री.

तिनं ट्रंकेचं झाकण लावलं आणि म्हणाली, "मग तो तीन नंबरवाला राहू दे तिकडंच. माजा मानूस तेवढा इकडं पाठवा."

घर म्हणजे काय, असं मला कुणी विचारलं तर मी हेच सांगतो. तिथं माझी वाट बघणारी बाई आहे आणि तिला नक्की कोण हवा आहे ते तिला पक्कं ठाऊक आहे. मी अजून उम्म सईदला आहे. तिचा माणूस मला अजून पाठवता आलेला नाही.