हुंडणावळीच्या बाई

"कशाच्या बदल्यात?"

कोणी नुसता आकडा उच्चारला की आमच्या शाळेतल्या गणिताच्या बाई चष्मा कपाळावर चढवून हा प्रश्न विचारीत. भाजीवाली म्हणाली, "चार आणे," की "कशाच्या बदल्यात?" हेडमास्तर म्हणाले, "उद्या दोन तास जादा घ्या," तरी तेच. असे कोणी तुमच्याही ओळखीत असेल. त्यांना टाळायला लोक रस्ता बदलतात, आणि पुढे आयुष्यभर त्यांचीच वाक्ये वापरतात.

शहापूरच्या त्या शाळेत मी इतिहास शिकवीत असे. बाई मूळच्या मुरबाडच्या. नवरा लवकर गेलेला, पदरी एक मुलगी. अंकगणितातल्या एकाच धड्यावर त्यांचा जीव होता: हुंडणावळ. म्हणजे एका देशाच्या चलनाचा दुसऱ्या देशाच्या चलनातला भाव. ज्या गावात पौंड हे फक्त पावाचे माप होते, तिथे बाई फळ्याच्या कोपऱ्यात कायमचे लिहून ठेवीत: एक पौंड बरोबर तेरा रुपये पाच आणे चार पै.

नवे पैसे आले तरी त्यांनी ते पुसले नाही. "नव्या हिशेबात तेरा रुपयांपुढे तीन तीन तीन करत बसावं लागतं," त्या म्हणत. "ज्याला शेवट नाही ते उत्तर मला नको."

आकड्यामागची गोष्टही सांगत. "इंग्रजानं रुपया अठरा पेन्सांचा धरला. आपले व्यापारी सोळाच धरा म्हणत होते. कोणाचं चाललं?"

"इंग्रजाचं!" वर्ग ओरडे.

"का?"

"राज्य त्याचं होतं!"

एवढेच सांगायला मला इतिहासाची अख्खी सहामाही लागे.

एकदा वाडीवरची भागी शाळेच्या दारात येऊन उभी राहिली. तिची पोर बाईंच्या वर्गात होती.

"बाई, तुमी पोरींना हुंडा शिकवता?"

"हुंडा नव्हे गं, हुंडणावळ."

"आमच्यात हुंडा नाय. आमच्यात पोराचा बापूस देज देतो, तवा पोर नेतो. तुमच्यात उलटं का वो?"

बाईंनी चष्मा वर केला, खाली केला. "उद्या सांगते," म्हणाल्या. पुढे भागी बाजारात भेटली की विचारी, "बाई, जमलं का गणित?" बाई म्हणत, "अजून नाही गं." विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्यांनी कोणाला दिले नाही, असे ते एकच.

मग बाईंच्या मुलीचे लग्न ठरले. मुलगा कल्याणचा, शिकायला लंडनला निघालेला. त्याचे वडील म्हणजे स्वातंत्र्य जरा लवकर आल्यामुळे ज्यांचे रावसाहेब व्हायचे राहून गेले, असे गृहस्थ. उन्हाळ्यातही कोट. त्यांनी हुंडा मागितला नाही. कायद्याने तो मागता येत नाही, हेही त्यांनीच सांगितले. फक्त मुलाच्या शिक्षणासाठी तीनशे पौंड.

बाईंनी बोटांवर हिशेब केला आणि त्यांचा चेहरा उजळला. "चार हजार रुपये! अगदी पूर्ण अंकात!" उत्तर इतके सुबक आले की नेहमीचा प्रश्न विचारायचा राहून गेला. माझ्याही ते ध्यानात आले नाही.

लग्न पंधरवड्यावर आले आणि सरकारने रुपयाचे अवमूल्यन केले. सहासष्ट सालचा जून. एक पौंड एकवीस रुपयांवर गेला आणि तिसऱ्या दिवशी कोट शहापुरात आला. साक्षीला म्हणून बाईंनी मला बोलावून घेतले.

"मी काही वाढवून मागत नाही," गृहस्थ म्हणाले. "तीनशे पौंड तेच. तुमच्या रुपयानं मान टाकली, त्याला मी काय करणार?"

"सहा हजार तीनशे," बाई म्हणाल्या. "हिशेब बरोबर आहे."

गृहस्थ खुर्चीत सैलावले. बाईंचा चष्मा कपाळावर गेला.

"कशाच्या बदल्यात?"

"म्हणजे?"

"हुंडणावळीला दोन बाजू लागतात. इकडून सहा हजार तीनशे. तिकडून काय?"

"तिकडून मुलगा आहे की!"

"मुलगा जाणार लंडनला. पैसे त्याच्याबरोबर. मुलगी तुमच्याकडे स्वयंपाकाला. आमच्या बाजूला शून्य उरतं."

"बाई, साखरपुडा झालाय. मोडलेल्या लग्नाच्या मुलीला तालुक्यात कोण विचारतो, ते ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे. लग्न मोडलं. चहा घेऊन जा."

आतल्या दाराशी मुलगी ट्रे घेऊन उभी होती. ती म्हणाली, "आई, चार हजारांनाही हेच विचारायला हवं होतं."

बाईंनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. मग म्हणाल्या, "हो. माझं तिथंच चुकलं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी फळ्याचा कोपरा पुसला, "एकवीस रुपये" असे लिहिले आणि धडा पहिल्यापासून सुरू केला. गावात व्हायची ती कुजबुज झाली. बाई मान वर करून बाजारातून हिंडत. मुलगी मुरबाडला शिक्षिका झाली, आणि तिथल्याच एका शिक्षकाशी तिने स्वतः लग्न ठरवले. देणे नाही, घेणे नाही.

बाई जाऊन आता बरीच वर्षे झाली. शाळेत हुंडणावळ कोणी शिकवत नाही. मला बाई आठवतात त्या मुलीच्या लग्नाच्या सकाळी, फुलवाल्याच्या पुढ्यात.

"हा हार केवढ्याचा?"

"दीड रुपया."

"आणि हा?"

"त्यो बी तेवढ्यालाच. जोडीच हाय ना बाई."

तरी बाईंनी दोन्ही हार दोन हातांत धरून वजन अजमावले. मांडवात एक मुलीकडे दिला, एक जावयाकडे. हार गळ्यांत पडले, तशी गर्दीत उभ्या असलेल्या भागीकडे वळून त्या म्हणाल्या,

"भागी, जमलं गं."