तुरीएवढी गाठ

"दादा, बोट लावून बघा ना." एवढं म्हणून तो मान वाकडी करायचा. डाव्या कानाखाली तुरीएवढी गाठ. अशी माणसं तुमच्याही शेजारात असतील. आमच्या आमलीच्या चाळीत हा होता.

जवळच्या सायली गावात सुताच्या कंपनीत आम्ही बरोबर होतो. मी पॅकिंगला, तो तपासणीला. कोनावरून, म्हणजे सुताच्या गुंडाळीवरून, बोट फिरवायचं, गाठ लागली की कोन बाजूला. डोळ्यांना दिसत नाही ती गाठ त्याच्या बोटाला लागायची. एका सुट्टीला बोटाला काम नव्हतं, ते मानेवर गेलं आणि तिथंही लागली.

"गाठ म्हणजे रिजेक्ट, दादा. सुतात काय न् मानेत काय."

मीच त्याला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर गुजराती, मान दाबून म्हणाले, "वांधो नथी." हा बाहेर आला तो तोंड पाडून. म्हणे, वांधा आहे म्हणतात. मी सांगितलं, अरे, नथी म्हणजे नाही. तर म्हणतो, "मग वांधा शब्द काढलाच कशाला?"

त्यानंतर तो गावी जाईना. तिकडे दवाखाना लांब. लग्नाचं काढलं की म्हणायचा, आधी या गाठीचं काय ते होऊ द्या. इथं करमत नव्हतं आणि इथून हलताही येत नव्हतं.

पहिली पाळी सुटली की चारच्या सुमाराला तो आमच्या दारात. माझी बायको धुळ्याकडची, तोही तिकडचाच. ती पदराला हात पुसून गाठ चाचपायची आणि त्यांच्या बोलीत सांगायची, "काल व्हती तितलीच शे, भाऊ." काल होती तेवढीच आहे. डॉक्टरचं त्याला पटलं नाही, माझं तर नाहीच. हिचं पटायचं. मग चहा घ्यायचा. मी म्हणायचो, रोज तुझी तूर चाचपते ती, त्याबदल्यात तुरीची डाळ तरी निवडून दे तिला. तो हसायचा, पण मान लगेच सरळ करायचा नाही.

एक दिवस तो म्हणाला, "वहिनी, हात तापलाय तुमचा." ती म्हणाली, स्टोव्हजवळ होते. दुसऱ्या दिवशी तिनं गाठ बघितल्यावर तो माझ्याकडे वळला. म्हणाला, आजही गरम आहे, दवाखान्यात न्या.

मी चार लोकांत बोललो. "तुला दुखणी शोधायचा रोग लागलाय. स्वतःचं पुरेना म्हणून माझ्या घरात शोधतोस?"

तो गेला. पुढचे काही दिवस आलाच नाही. तिचे डोळे पिवळे झाले तेव्हा माझे उघडले. मोठ्या दवाखान्यात म्हणाले, आठवडाभर आधी आणायला पाहिजे होतं. ती परत आली नाही. यात दुसऱ्या कुणाचा दोष नाही, माझाच आहे. मला लिहिता फार येत नाही, पण एवढं लिहून ठेवतो.

तेरावं झालं आणि तो चारला येऊन उंबऱ्याशी बसला. 'मी सांगितलं होतं' असं त्यानं कधी काढलं नाही. त्या दिवशी मानही वाकडी केली नाही. शेवटी मीच म्हणालो, दाखव.

पॅकिंगच्या पट्ट्या ओढून ओढून माझी बोटं लाकडासारखी झालेली. खाली काही लागेना. तरी म्हणालो, "काल होती तेवढीच आहे."

"काल तुम्ही बघितलीच नव्हती, दादा."

मी हात काढायला गेलो तर त्यानं वरून धरून ठेवला. मला वाटलं, नीट शोध म्हणतोय. मग म्हणाला, "गार आहे हात," आणि उठून गेला.

मग तो रोज यायचा. मी त्याची मान बघायचो, तो माझा हात. गाठ मला एकदाही लागली नाही. तसं मी त्याला सांगितलं नाही.

पुढे कंपनीत तपासणीला मशीन आलं आणि त्याला घरी जायला सांगितलं. निघायच्या दिवशीही तो आला. पेटी दारात ठेवली आणि मान वाकडी केली. मी हात लावला. धुळ्याच्या बसची वेळ होत आली होती. मी दोनदा सांगितलं, निघ आता. त्यानं मान सरळ केली नाही.