दौलताबादच्या घाटातल्या मावशी

मंडळी, पाय अजून थरथरतायत, पण हे आजच सांगायचंय.

सकाळी दौलताबादचा घाट चढताना शेवटच्या वळणावर मी दमून सायकलवरून उतरलो. तेवढ्यात पंचावन्नच्या आसपासच्या एक मावशी लेकाच्या जुन्या सायकलवर हळूहळू माझ्या पुढं गेल्या.

"उतरू नका हो, थोडंच ऱ्हायलंय!" त्या धापा टाकत म्हणाल्या.

लाज वाटली. पुन्हा बसलो आणि त्यांच्या मागोमाग वर पोचलो.

मावशी गारखेड्याच्या, हे नंतर गप्पांत कळलं. सायकल शिकून वर्षही झालं नाही. याआधी तीनदा याच वळणावरून परत फिरलेल्या.

त्यांनी लगेच गंगापूरला आईला फोन लावला. "आई, चढले गं घाट!"

स्पीकरवर म्हातारीचा आवाज आला. "लई भारी केलंस. लहानपणी तुला सायकलला हात लावू दिला नाय मी. चुकलंच माझं."

"जाऊ दे गं. आता चढले ना!" म्हणत मावशींनी पदरानं डोळे पुसले.

घरी आल्यावर मी माझ्या आईला विचारलं, "तुझं काय राहून गेलं?"

ती पटकन म्हणाली, "पोहणं."

इतक्या वर्षांत मला माहीतच नव्हतं. तुम्ही विचारलंय कधी तुमच्या आईला?