अल खर्जचा डावखुरा आणि नवऱ्याची टेप

लोक सौदीत उमऱ्याला येतात, नोकरीला येतात, हल्ली वाळवंटात तंबू ठोकून फोटो काढायलाही येतात. आम्ही घरून, जुबैलहून निघालो ते बेसबॉलचे खेळाडू तपासायला. आखातात एक व्यावसायिक लीग सुरू होते आहे. तिचे संघ खेळाडू वाटून घेतात त्याला ड्राफ्ट म्हणतात, आणि त्याआधी हौशी खेळाडूंची पारख करून अहवाल देणारा स्काउट लागतो. लीगवाल्यांना इथे राहणारं, खेळ कळणारं आणि हिंदी-मराठी बोलणारं माणूस हवं होतं. मी जळगावची, विद्यापीठाच्या सॉफ्टबॉल संघाची कॅचर, म्हणजे फलंदाजामागे बसून चेंडू झेलणारी, आणि आता इथल्या शाळेत पी.टी. शिकवते. दुसरं कोणी अर्जच केला नव्हता, हे मला मागाहून कळलं.

"आई, यू आर नॉट अ रियल स्काउट," असं म्हणून आमची कन्या मैत्रिणीकडे राहायला निघून गेली. नवरा श्रीकांत मात्र लगेच तयार झाला. तो नाशिकचा, पेट्रोकेमिकल प्लँटमध्ये इंजिनिअर, आणि क्रिकेटचा भक्त. बेसबॉलला तो 'तुमचा तो दांडपट्टा' म्हणतो. तरी मोजमाप करायचं म्हटलं की त्याच्या अंगात येतं. निघताना डिकीत कपड्यांआधी तीस मीटरची टेप गेली.

गुरुवारी शाळा सुटल्यावर निघालो. जुबैल ते रियाध पाचेक तास धरा, दम्माम सोडल्यावर रस्ता सरळ आणि कंटाळवाणा. वेगाचे कॅमेरे जागोजागी आहेत, तेव्हा पाय आवरा. पेट्रोल स्वस्त आहे पण पंपावरची स्वच्छतागृहं पाहून मगच चहा प्यायचा की नाही ते ठरवा. गाडी मी चालवत होते आणि श्रीकांत शेजारी बसून हवेत ब्रेक दाबत होता. लीग एका रात्रीचं हॉटेल आणि पेट्रोल देणार होती, दुसरी रात्र आमच्या खिशातून.

शुक्रवारी सकाळी रियाधला दोन खेळाडू पाहिले. तिथे रीतसर मैदान, रीतसर जाळी. पहिल्याने चेंडू बरा मारला, दुसऱ्याने स्वतःच्या गॉगलची काळजी जास्त घेतली. दोघांचे अहवाल अर्ध्या तासात लिहून झाले. खरी उत्सुकता होती ती तिसऱ्याची.

तिसरा समीर, दापोलीकडचा. अल खर्जला एका डेअरी फार्मवर दूध काढायच्या यंत्रांवर काम करतो. रत्नागिरीला कॉलेजात असताना बेसबॉल शिकला आणि फार्मवरच्या फिलिपिनो मित्रांनी तो सुटू दिला नाही. डावखुरा पिचर, म्हणजे फलंदाजाकडे चेंडू फेकणारा. लीग अठ्ठावीसच्या वरचं नवं नाव घेत नाही आणि समीरला पुढच्या महिन्यात अठ्ठावीस वर्षं पूर्ण होणार होती. त्याच्या कफीलने, म्हणजे व्हिसा देणाऱ्या मालकाने, दोन महिन्यांची रजा कबूल केली होती, तीही याच हंगामापुरती. म्हणजे जे काही व्हायचं ते या एका अहवालावर.

रियाधहून अल खर्ज तासाभरावर आहे. जुम्म्याच्या नमाजाच्या वेळी दुकानं बंद असतात, म्हणून जेवण आधीच उरका. आम्ही बुखारी भात आणि अर्धी कोंबडी दोघांत घेतली, तरी उरली. गाव जवळ आलं की वाळूच्या मधोमध हिरवी शेतं दिसू लागतात, आणि काच खाली केली की गोठ्याचा वास थेट जळगावला नेतो. मला गलबलून आलं. श्रीकांतने काच वर केली.

समीर आणि त्याचा कॅचर रॉमेल फाटकाशीच उभे होते. समीरने इस्त्रीचा शर्ट घातला होता. "या मॅडम, या सर. तुमी एवढ्या लांबून आलाव, पैला चा घ्या." मग चहा, मग खजूर, मग पुन्हा चहा. कामगारांच्या खोल्यांमागे त्यांचं मैदान होतं, पण दोनच दिवसांपूर्वी त्यावर बुलडोझर फिरून सगळ्या खुणा पुसल्या गेल्या होत्या.

"काळजी नको," श्रीकांत म्हणाला आणि पिचरच्या जागेपासून फलंदाजासमोरच्या प्लेटपर्यंतचं अंतर आखायला टेप घेऊन सरसावला. मी वेग मोजायच्या गनची बॅटरी बसवत होते. "नीट मोजलंस ना?" मी विचारलं.

"इंचाइंचाने," तो गुडघ्यावरची माती झटकत म्हणाला.

समीर जागेवर उभा राहिला. रॉमेलने त्याच्याकडे पाहिलं, समीरने हळूच मान हलवली. मी वहीत लिहिलं, 'कॅचरशी खुणांची समज चांगली.' मग चेंडू सुरू झाले. वेग ठीक होता, पण वळणारा चेंडू दर वेळी प्लेटच्या अलीकडे धूळ उडवायचा. तीस चेंडूंत सात जेमतेम नीट आले. रॉमेलचा मास्क मातीने भरला. समीर दर चेंडूनंतर स्वतःच्या बोटांकडे बघत होता. निघताना त्याने आमच्या गाडीत ताज्या लबानच्या, म्हणजे इथल्या घट्ट ताकाच्या, सहा बाटल्या ठेवल्या आणि कसं झालं हे विचारलंसुद्धा नाही.

संध्याकाळी रियाधच्या हॉटेलवर मी लिहिलं: नियंत्रण कमकुवत, शिफारस नाही. वाईट वाटलं, पण दापोलीचा आहे म्हणून गुण वाढवायचे नाहीत असं मी स्वतःला बजावलं होतं. अहवाल शनिवारी दुपारी बारापर्यंत पाठवायचा होता. सकाळी शुद्धलेखन तपासू आणि पाठवू, म्हणून ठेवून दिला.

शनिवारी सकाळी हॉटेलजवळच्या हातगाडीएवढ्या दुकानात गरम तमीस आणि फूल खाल्लं. तमीस म्हणजे भाकरीची थोरली बहीण आणि फूल म्हणजे घोटलेली उसळ. आठ-दहा रियालमध्ये दोघांचं पोट भरतं. दुकानदार केरळचा. श्रीकांत त्याला हिंदीत रंगवून सांगत होता, "लडका अच्छा है, लेकिन बाईस यार्ड से ऐसा डालना आसान नहीं."

माझ्या हातातला तमीस ताटात पडला. "किती यार्ड?"

"बावीस. वीस पॉइंट बारा मीटर. इंचाइंचाने मोजलंय म्हटलं ना."

"श्रीकांत, ती क्रिकेटची खेळपट्टी. बेसबॉलचं अंतर साडेसाठ फूट असतं. तू पोराला साडेपाच फूट मागे उभं केलंस."

त्याने फूलची वाटी बाजूला सारली. "किती ते तू विचारलं नाहीस," तो म्हणाला. यावर मी जे बोलले ते इथे लिहीत नाही. पण खरं सांगायचं तर प्लेटमागे आयुष्य काढलेल्या मलाही ते डोळ्यांना कळलं नव्हतं. मी गनचे आकडे वाचत होते.

समीरची पाळी दहाला सुरू होणार होती. पुन्हा अल खर्ज. त्या तासाभरात हवेत ब्रेक कोणी दाबला नाही. सव्वानऊला पोचलो. समीर गमबूट घालून गोठ्याकडे निघाला होता. इजिप्तच्या सुपरवायझरच्या मी हातापाया पडायचीच बाकी होते. त्याने घड्याळ दाखवलं आणि म्हणाला, "यल्ला, वीस मिनिटं. मग खलास."

श्रीकांत टेप उलगडू लागला तोवर समीर प्लेटपासून पावलं टाकत गेला आणि एका जागी थांबला. टेप लावली. दोन बोटांचा फरक.

"म्हणजे काल तुला कळलं होतं?" मी विचारलं.

"व्हय मॅडम. दोन पावलं जास्ती वाटली. रॉमेल पण बोलत होता."

"मग बोलला का नाहीस?"

तो संकोचला. "म्हटलं, लीगची परीक्षाच अशी असंल. आणि सर एवढे खाली वाकून मोजीत होते. मोठ्या माणसांना कसं सांगायचं, चुकलाव म्हणून?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. श्रीकांत पुढे झाला, समीरच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "चुकलो रे बाबा." इंजिनिअरच्या तोंडून हे वाक्य मी सतरा वर्षांच्या संसारात प्रथमच ऐकलं.

समीरने गमबुटांतच वीस चेंडू टाकले. सतरा बरोबर. वळणारा चेंडू छातीच्या उंचीवरून निघून गुडघ्याशी, रॉमेलच्या हातमोज्यात बसत होता. रॉमेल हातमोजा हलवतसुद्धा नव्हता. दहा वाजता समीर गायींकडे पळाला. मी फार्मच्या फाटकाशी गाडीतच जुना अहवाल पुसून नवा लिहिला आणि पावणेबाराला पाठवला. मग सरळ जुबैल, वाटेत सगळं लबान संपवलं.

पुढच्या आठवड्यात ड्राफ्ट झाला. आम्ही तिघं घरी फोनवर बघत बसलो होतो. समीरचं नाव शेवटच्या फेरीत, राखीव खेळाडू म्हणून आलं. कन्या 'येस' म्हणून सोफ्यावर चढली, श्रीकांतने डोळे पुसले आणि एसीचा त्रास होतो असं सांगितलं. समीरचा फोन आला तेव्हा तो गोठ्यातच होता. त्याने तीनतीनदा आभार मानले.

कोणी इकडे येणार असाल तर अल खर्जला जरूर जा, हिवाळ्यात जा. मला त्या प्रवासाचा आनंदच आहे. पण कौतुक करणाऱ्यांना मी एक गोष्ट सांगत नाही, ती इथे सांगते. समीर कधीच तक्रार करणार नव्हता. श्रीकांत दुकानदाराशी गप्पा मारायला बसला नसता तर मलाही कधी कळलं नसतं. आणि 'शिफारस नाही' असं लिहून त्या रात्री मला फार छान झोप लागली होती.