सोनौलीच्या कमानीपाशी

लिहिण्याआधी माफी मागतो. असे अनुभव वडीलधाऱ्यांनी लिहावेत. मी अजून कॉलेजात शिकतो, आणि आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेला पहिलाच आहे. त्यातून आम्ही बौद्ध. चमत्कारावर विश्वास ठेवायचा नाही हे लहानपणापासून ऐकलं आणि मला ते पटतंही. तरी त्या दिवशी नेपाळच्या सीमेवर जे झालं ते आठवलं की अजून अंगावर काटा येतो. त्याला काय म्हणावं हे कळत नाही, म्हणून घडलं तसं सांगतो.

माझ्या आईला काचबिंदू आहे. समोर कुणी उभं आहे एवढं तिला कळतं, चेहरा दिसत नाही. उरलेला उजेड जाण्याआधी एकदा लुंबिनीला जायचं, एवढंच तिचं मागणं होतं. आमच्या विहारातल्या गुरुजींनी महाड-पोलादपूरच्या लोकांची बस ठरवली, तेव्हा मी तिचे डोळे म्हणून सोबत निघालो. बस सुटण्याआधी तिने चवदार तळ्याच्या पायरीवर बसून पाण्याला हात लावला. आमच्या मागच्या पिढ्यांना तो लावू दिला जात नव्हता, म्हणून लांब कुठं जायचं असलं की ती आधी तिथं जाते.

सगळ्यांचे कागद मीच तपासले होते. नेपाळला आपल्याला व्हिसा लागत नाही, पण मतदार ओळखपत्र किंवा पासपोर्ट लागतो. माझं मतदार ओळखपत्र अजून आलं नव्हतं. आधार आणि कॉलेजचं कार्ड दाखवलं की चालेल, असं मी धरून चाललो.

ते चाललं नाही. सीमेवर, सोनौलीला, त्या दिवशी तपासणी कडक होती. अधिकारी शांतपणे बोलला, पण त्याने मला बाजूला उभं केलं. परक्या बसला तिकडे दिवसाप्रमाणे शुल्क भरून परवाना घ्यावा लागतो. आमचा त्या एका दिवसापुरताच होता, संध्याकाळी बस परत यायलाच हवी होती. ड्रायव्हर हॉर्न वाजवू लागला.

"सगल्यांचे कागद बगितलेस नि सवताचेच रायले?" शेजारच्या काकी खिडकीतून म्हणाल्या. "कालेजात ह्येच शिकवतात काय रे?"

"आई, तू जा," मी म्हणालो.

"नाय. मी पन उतरते. तुज्याबिगर मला तितं काय दिसनार हाय?"

बसमधले बहुतेक जण स्वतःच काठी टेकत चालणारे. आईला कुणाच्या हाती द्यायचं? ती चाचपडत पायरीवरून पाय खाली टाकत होती, आणि मला तोंड वर करवत नव्हतं.

"मावशी, तुमी महाडचं काय?"

मी दचकून वळलो. दोन पिशव्या घेऊन एक नेपाळी बाई उभी होती. तिने सांगितलं, तिचा नवरा पोलादपूरला हायवेवरच्या हॉटेलात आचारी होता आणि ती बरीच वर्षं तिथं राहिली होती. "इतक्या गर्दीत 'नाय' ऐकलं नि पायच थांबलं," ती हसून म्हणाली. "माजं गाव लुंबिनीच्या म्होरं हाय. मला बसमदी घ्या, मी मावशीला धरते."

आईने हवेत हात पुढे केला. त्या बाईने तो धरला. आई क्षणभर तिची बोटं चाचपत राहिली, मग म्हणाली, "चल गो."

बस सीमेच्या कमानीखालून गेली आणि मी अलीकडे राहिलो. तिकडे आपले फोन चालत नाहीत. रस्त्याच्या कडेला बसून मी नको नको ते मनात आणत होतो. त्या बाईचं नावसुद्धा मी विचारलं नव्हतं. समोरून दोन्ही देशांची माणसं येत-जात होती, डोक्यावर बोचकी, सायकलला बांधलेली शेळी. एवढ्या माणसांत आमच्याकडच्या सावित्री नदीचं पाणी प्यालेली एक बाई नेमकी त्या घटकेला आमच्या बसच्या दाराशी कशी आली, याचाच मी विचार करत होतो. मी हळू आवाजात 'बुद्धं सरणं गच्छामि' म्हणू लागलो. रोज म्हणतो, पण सगळं आपल्याच हातात आहे असं समजून. त्या दिवशी माझ्या हातात काहीच नव्हतं, आणि म्हणता म्हणता भीती कधी गेली ते मला समजलं नाही. त्या अनोळखी बाईचे उपकार मी कुठं फेडणार? वंदना करताना तिच्यासाठीही हात जोडतो.

दुपार कलली तेव्हा परदेशी नंबरवरून फोन आला. "दादा, मावशीला तुमचा नंबर तोंडपाठ हाय," ती बाई म्हणाली. "घ्या, बोला."

"आई, काय दिसलं का गं?"

"तू नवतास त्ये बरं झालं रे. सगलं सांगत बसला असतास. आज मी हातानी बगितलं." मग ती म्हणाली, "हितं पन तळं हाय, बाला. मी पायरीवर बसले, पान्यात हात घातला. कुनी अडवलं नाय."